मम्मीचे गुडघे, पागुदपूदचा वारा आणि पंच्याऐंशी पायऱ्या

जून महिन्यात बातमी आली की फिलिपिन्सने भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला. आमच्या घरात ती मम्मीने आधी वाचली. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "बाय, तारीख बघितलीस का? ८ जून. आपल्या गोन्सालोला संत केलं तीच तारीख."

बघितली. सवलत लागू झाली ८ जून २०२५ ला, आणि जपानच्या २६ हुतात्म्यांना रोममध्ये संतपद मिळालं ८ जून १८६२ ला. त्या २६ जणांत आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया. योगायोगच. पण ६९ वर्षांच्या बाईला योगायोग आणि आमंत्रण यांतला फरक समजावायच्या भानगडीत मी पडले नाही.

वसईबाहेरच्यांसाठी एवढंच सांगते, की गोन्सालो इथे जन्मले, जेझुइट फादरांबरोबर जपानला गेले आणि तिथून मनिलाला. फ्रान्सिस्कन ब्रदर झाले ते मनिलातच. १५९३ मध्ये दुभाषी म्हणून परत जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्यांना क्रूसावर चढवलं. म्हणजे मनिलाला जाणाऱ्या वसईकरांत आम्ही दोघी चारशेहून जास्त वर्षं उशिरा.

वेलंकनी दोनदा झालं होतं. मम्मीच्या मैत्रिणी पॅरिशच्या ग्रुपबरोबर पवित्र भूमीला जाऊन आल्या होत्या. तेव्हा हिचे गुडघे नाही म्हणाले होते. या वेळी गुडघ्यांना विचारायचंच नाही असं ठरलं. मनिलात तीन-चार दिवस काढून करायचं काय, म्हणून मी नकाशा उघडला आणि लुझोन बेटाच्या वायव्य टोकाला इलोकोस सापडलं. जुनी चर्च, पवनचक्क्या आणि पागुदपूद नावाचा किनारा. तिथल्या पाओआय गावच्या चर्चचा फोटो मम्मीला दाखवला तर ती म्हणाली, "हे चर्च आहे की किल्ला?" आणि मग रोज विचारायला लागली, तिकीट काढलं का.

तिकिटाच्या आधी पासपोर्ट. तिचा एप्रिल २०२६ मध्ये संपत होता. आम्ही जाणार डिसेंबरात. प्रवेशाच्या वेळी पासपोर्ट किमान सहा महिने वैध लागतो, म्हणजे नूतनीकरण आलंच. ऑनलाइन अर्ज, १५०० रुपये, पासपोर्ट सेवा केंद्रातली वेळ मिळाली ती अठरा दिवसांनंतरची. तिथे काम झालं दोन तासांत. मग पोलीस पडताळणी. हवालदार घरी आले ते नेमके मम्मी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, गेलेली असताना. दुसऱ्या दिवशी आम्हीच पोलीस ठाण्यात गेलो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलेलं काम ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमनने संपवलं. घरात वयस्कर माणूस असेल तर सगळ्यात आधी त्याच्या पासपोर्टची शेवटची तारीख बघा, बाकीचं नंतर.

विमानाची तिकिटं सप्टेंबरात काढली. मुंबई ते मनिला, वाटेत सिंगापूर. जाऊन-येऊन दोघींचे ७८,४०० रुपये. बुकिंग करतानाच व्हीलचेअर मागितली. यावरून घरात दोन दिवस अबोला. "मी काय पांगळी आहे?" मी म्हटलं, नाहीस, पण सिंगापूर विमानतळ पांगळा करतो. (परत आल्यावर तिने शेजारणीला सांगितलं ते असं: "खुर्ची आधीच सांगून ठेवायची हो, पोरींना सुचत नाही.") तिचा प्रवासविमा २,९०० रुपये. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांकडून औषधांची नावं छापील अक्षरात लिहून घेतली.

व्हिसा नाही याचा अर्थ कागद नाहीत असा नव्हे, हे मला हळूहळू कळत गेलं. फक्त पर्यटनासाठी १४ दिवस, मुदत वाढवून मिळत नाही. परतीचं तिकीट हवं, राहण्याचं बुकिंग हवं, खर्चाला पैसे असल्याचा पुरावा हवा. अमेरिका, जपान, शेंगेन, सिंगापूर अशा काही ठिकाणचा चालू व्हिसा असला तर १४ ऐवजी ३० दिवस मिळतात. आमच्याकडे वसई-चर्चगेटचा पास होता.

आणि ई-ट्रॅव्हल. ही ऑनलाइन नोंदणी पोचण्याच्या आधीच्या ७२ तासांत करायची असते आणि ती फुकट आहे. हे ठळक अक्षरात लिहावंसं वाटतं, कारण ८ डिसेंबरच्या रात्री मी जी वेबसाइट उघडली तिच्यावर फिलिपिन्सचा झेंडा होता, फॉर्म तसाच होता, आणि शेवटच्या पानावर माणशी ६० डॉलर मागितले. कार्डाचे आकडे भरून झाले होते. ओटीपी यायला उशीर झाला, म्हणून वाचले. तेवढ्यात भाचा म्हणाला, "मावशी, पत्त्याच्या शेवटी सरकारी 'गव्ह डॉट पीएच' कुठे आहे?" नव्हतं. खऱ्या साइटवर दोघींचं मिळून पंचवीस मिनिटांत झालं. क्यूआर कोड फोनवर येतो; मी छापूनही घेतला. सगळे कागद एका पारदर्शक फोल्डरमध्ये. या फोल्डरबद्दल पुढे बोलायचं आहे.

१० डिसेंबरच्या रात्री मुंबईच्या चेक-इन खिडकीवरच पहिली परीक्षा. तिथल्या मुलीने परतीचं तिकीट बघितलं, क्यूआर बघितला, मग सगळ्या रात्रींची बुकिंगं मागितली. मी सहाच रात्रींची केली होती. विगानची रात्र "तिथे गेल्यावर बघू" म्हणून सोडलेली. मागे रांग, मम्मी खुर्चीत, आणि मी उभ्या उभ्या फोनवर विगानमधली खोली शोधतेय. १,८०० पेसोंची मिळाली. एका पेसोला साधारण दीड रुपया धरा. दोन रात्री बसमध्ये जाणार हे तिला पटवायला बसची तिकिटं दाखवली. ती मुलगी वाईट वागली नाही. नियम तिचे नव्हते. पण घाम फुटला.

मनिलाला ११ तारखेला दुपारी उतरलो. घड्याळ अडीच तास पुढे. व्हीलचेअरमुळे वेगळ्या रांगेत घेतलं. आतल्या अधिकाऱ्याने मला विचारलं, कुठे कुठे जाणार? मी मनिला, पागुदपूद, लाओआग, विगान असं म्हणाल्यावर त्याने मान वर केली. इलोकोस कशाला? मी वाक्य जुळवत होते, तोवर मम्मीने खुर्चीतून उत्तर दिलं: "चर्च." त्याने तिच्या गळ्यातल्या क्रूसाकडे बघितलं आणि शिक्का मारला. बँकेचं स्टेटमेंट, ज्याच्यासाठी मी शाखेत तीन खेपा घातल्या होत्या, कोणी बघितलंही नाही. तरी न्या.

विमानतळावर सिमकार्ड घेतलं. पासपोर्ट दाखवून नोंदणी करावीच लागते. परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले की दर वेळी २५० पेसो कापले जातात, तेव्हा एकदाच मोठी रक्कम काढा आणि सुट्टे करून ठेवा. तीनचाकीवाल्याकडे हजाराच्या नोटेला सुट्टे नसतात, आपल्याकडेही कुठे असतात.

मनिलात इंत्रामुरोस, म्हणजे तटाच्या आतलं जुनं शहर. मम्मीला गोन्सालोंच्या फ्रान्सिस्कन मठाची जागा बघायची होती. मठाचं चर्च दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या लढाईत उद्ध्वस्त झालं. आता तिथे मापुआ हे इंजिनिअरिंगचं विद्यापीठ आहे. आम्ही फाटकाशी उभ्या राहिलो. गळ्यात ओळखपत्रं घातलेली पोरं आत-बाहेर करत होती. मला वाटलं, हिला वाईट वाटणार. ती म्हणाली, "शिकतायत ना, चांगलं आहे," आणि रस्त्याच्या कडेलाच क्रूसाची खूण करून एक प्रार्थना म्हटली. सुरक्षारक्षकाने टोपी काढली.

जवळच सान आगुस्तिन. हे १६०७ चं दगडी चर्च युद्धातून वाचलं. मनिलाचं सान आगुस्तिन, पाओआय, सांता मारिया आणि पानाय बेटावरचं मियागाओ अशी चार चर्च मिळून १९९३ साली युनेस्कोच्या यादीत गेली. आमच्या वाटेवर तीन होती. मम्मीने लगेच हिशेब केला: "चौथं राहिलं तर पुन्हा यावं लागेल."

१२ तारखेला रात्री साडेआठची बस. मनिला ते लाओआग सुमारे ४८० किलोमीटर, रात्रभराचा प्रवास. आरामगाडीचे माणशी १,१५० पेसो. ज्येष्ठांची २० टक्के सवलत खिडकीवर लिहिलेली होती. मम्मीने आधार कार्ड काढलं. खिडकीवरची बाई हसली, ती सवलत फिलिपिनो ज्येष्ठांना आहे म्हणाली. शौचालयाला इथे सगळे 'सीआर' म्हणतात. हे दोन अक्षरी ज्ञान वयस्कर माणसाबरोबर फिरताना फार मोलाचं. बसमधला एसी असा की डिसेंबरातलं महाबळेश्वर परवडलं. दोन शाली, मोजे, कानटोपी घेऊनच चढा; मम्मीने घेतलं होतं, मी नव्हतं, आणि रात्री दोन वाजता तिच्या एका शालीत आम्ही दोघी.

सकाळी लाओआगला उतरून लगेच पागुदपूदची छोटी बस धरली. दीड-दोन तास, माणशी १५० पेसो. तिथून तीनचाकी. तिला ट्रायसिकल म्हणतात, मोटरसायकलला जोडलेला पत्र्याचा डबा. मम्मीला आत बसवणं सोपं, बाहेर काढणं अवघड. आधी पाय, मग डोकं, अशी एक युक्ती आम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत बसवली.

पागुदपूदमधला साऊदचा किनारा फोटोत जसा असतो तसाच आहे. पांढरी वाळू, माड, निळं पाणी. फोटोत वारा दिसत नाही. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिकडे ईशान्येचा वारा असतो, त्याला आमिहान म्हणतात. मी भुईगावच्या किनाऱ्यावर वाढलेली, वारा मला नवा नाही. आमच्याकडे पहाटेचा मतलई आणि दुपारचा खारा वारा, दोघेही वेळ पाळतात. हा वेळ पाळत नाही. सकाळी सातला जो जोर तोच रात्री अकराला. वाळू पोटऱ्यांना टोचते. लांब लाकडी बाजूदांड्या लावलेल्या होड्या वर माडांपर्यंत ओढून ठेवल्या होत्या. कोळ्यांचं काम बंद आहे हे मम्मीने बघताक्षणी ओळखलं. पाण्यात कमरेच्या पुढे जाऊ नका असं घरमालकिणीने बजावलं होतं. आम्ही घोट्याच्या पुढे गेलो नाही. पोहायला म्हणून कोणी डिसेंबरात जात असेल तर आधीच सांगते, निराश व्हाल. मला स्वतःला पोहण्यापेक्षा हे आवडलं, बसून राहणं, ओढणी डोक्याला घट्ट बांधून, एकमेकींचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून न बोलता.

घरमालकीण पन्नाशीची. तिला मी मनांग म्हणायचे, म्हणजे ताई; ती मम्मीला नानांग म्हणायची, म्हणजे आई. पहिल्याच रात्री वीज गेली. छपराचा एक पत्रा धाड धाड वाजत होता. मम्मी पलंगावर बसून मोठ्याने रोजरी, म्हणजे जपमाळ, म्हणायला लागली. दार वाजलं. मनांग बॅटरीचा दिवा घेऊन आली होती. ती दाराशीच थांबली, मग खुर्ची ओढून बसली. मम्मीचं नमो मारिया मराठीत, तिचं उत्तर इलोकानोत, म्हणजे तिथल्या भाषेत. शब्द एकही जुळत नव्हता, पण कुठे थांबायचं हे दोघींना माहीत होतं. माळेची पाचही दशकं, म्हणजे दहा-दहा नमो मारियांचे पाच फेरे, झाले. वीज पहाटे आली.

दुसऱ्या दिवशी, १४ तारखेला, ट्रायसिकल ठरवून बांगीला गेलो. अशा सहलींचे दर फलकावर लिहिलेले असतात, घासाघीस करायला लागत नाही. आम्ही ८०० पेसो दिले. बांगीच्या पवनचक्क्या अगदी पाण्याच्या काठाला आहेत. २००५ साली पहिल्या पंधरा आणि २००८ मध्ये आणखी पाच उभ्या केल्या. खांब ७० मीटर उंच, एकेक पातं ४१ मीटर लांब. आपल्याकडे चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या बघितल्या होत्या, पण तिथे खाली गवत असतं. इथे खाली करड्या गोट्यांचा किनारा आणि त्याला आपटणारा समुद्र. पात्याची सावली अंगावरून जाते तेव्हा क्षणभर डोळे मिटतात.

आणि इथे मी तो फोल्डर उघडला. ट्रायसिकलवाल्याला पुढच्या ठिकाणाचा पत्ता दाखवायचा होता. फोनमध्ये दाखवता आला असता. पण कागद छापून आणलेत तर वापरावेत, हा माझा सरकारी शाळेतला संस्कार. बटण उघडलं आणि तीन कागद गेले. हातातून पडले नाहीत, गेले. एक माझ्या तोंडावर चिकटला. दुसऱ्यामागे शहाळी विकणारा एक पोरगा धावला, वाकला, कागद पुढे. पुन्हा वाकला, पुन्हा पुढे. शेवटी त्याने त्यावर पोटावर उडी मारली. ते विम्याचं पान होतं. तिसरं, म्हणजे परतीच्या विमानाचं तिकीट, आमच्या डोळ्यांदेखत दोन लाटांवरून उडालं आणि तिसऱ्या लाटेत बसलं. मम्मी हसायला लागली ती थांबेचना. मी रडायच्या बेतात. तिकीट ईमेलमध्ये होतंच, पण त्या वाऱ्यात ते आठवायला मला दहा मिनिटं लागली. पोराकडून चार शहाळी घेतली, पिणाऱ्या आम्ही तिघंच.

तिथून पुढे बुर्गोसचं केप बोहेआदोर दीपगृह, १८९२ चं, विटांचं, अष्टकोनी. मम्मी खाली बसली, मी टेकडीवर जाऊन आले. वेळ कमी असेल तर वगळलं तरी चालेल, असं म्हणवत नाही, पण त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं.

१५ ला लाओआग. हा मुक्काम मुद्दाम साधला होता, कारण १६ डिसेंबरपासून नाताळपर्यंत रोज पहाटे इथे मिस्सा असतो, नऊ दिवसांचा. मिसा दे गालो, म्हणजे कोंबड्याचा मिस्सा. पहाटे सव्वातीनला उठलो. हॉटेल कॅथेड्रलपासून चालत पाच मिनिटं. रस्त्यावर दुतर्फा पारोल टांगलेले. पारोल म्हणजे चांदणीच्या आकाराचा कंदील. वसईत आम्ही नाताळात दारात तारा लावतो, बाकीचे दिवाळीत आकाशकंदील. इथे पूर्ण गाव तेच करून बसलेलं. सगळे घरच्या स्वेटरात, पोरं झोपेत, म्हाताऱ्या पुढच्या बाकांवर. मम्मीला कोणीतरी हात धरून पुढे नेलं. मी मागे उभी. भाषेतलं 'आमेन' सोडून काही कळलं नाही. मम्मी मात्र प्रत्येक ठिकाणी बरोबर उभी राहत होती, बरोबर बसत होती.

बाहेर आल्यावर अंधारातच खाणं. निखाऱ्यावर केळीच्या पानात भाजलेला तुपिग: चिकट तांदळाचं पीठ, नारळ, गूळ. मम्मीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "पातोळ्याची चुलत बहीण." वीस पेसोंना दोन.

लाओआगचा घंटा-मनोरा चर्चपासून ८५ मीटर लांब उभा आहे आणि जमिनीत खचत चाललाय. त्याचं दार इतकं खाली गेलंय की वाकल्याशिवाय आत जाता येणार नाही. घंटा चर्चपासून इतकी दूर का, हे कोडं त्याच दिवशी पाओआयला सुटलं. भूकंपात मनोरा पडला तर चर्चवर पडू नये म्हणून.

पाओआय लाओआगपासून जीपनीने, म्हणजे तिकडच्या जीपसारख्या शेअर गाडीने, पाऊण तासावर. चर्चसमोर मोठं हिरवं मैदान आहे, त्यामुळे ते एकदम समोर येतं. १६९४ मध्ये बांधायला घेतलं, १७१० मध्ये पुरं झालं. दोन्ही बाजूंनी आणि मागून २४ जाडजूड टेकूभिंती, जवळपास पावणेदोन मीटर जाडीच्या, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जमिनीत शिरलेल्या. एखादा म्हातारा दोन्ही हात मांड्यांवर रोवून उठतो ना, तसं हे चर्च बसलंय. उंची कमी, अंग रुंद. भूकंप येणार हे धरूनच बांधलेलं. १८६५ आणि १८८५ च्या भूकंपांत इजा झाली, तरी उभं आहे. खालचे दगड प्रवाळाचे. जवळ जाऊन बघितलं तर त्यांत शंख-शिंपल्यांचे ठसे दिसतात. मी नख लावून बघितलं, चूर्ण बोटाला लागलं, आणि लगेच अपराधी वाटून हात मागे घेतला. चुन्यात उसाचा रस घातला, त्यात आंब्याची पानं, चामडं आणि भाताचा पेंढा उकळला, असं तिथे सांगतात. आपल्या किल्ल्यांच्या चुन्यात गूळ घालत, तशातलीच गोष्ट.

मम्मी एका टेकूभिंतीला पाठ लावून सावलीत बसली. वसईच्या कोटातली पडकी चर्च तिने लहानपणापासून बघितलेली; बिनछपराची, भिंतीत पिंपळ उगवलेली. तिच्या वयाची माणसं कोटात गेली की हळू बोलतात. ती हात मागे नेऊन दगड चाचपत म्हणाली, "आपली पण अशी असतील ना गं." मग थोड्या वेळाने, "आत मिस्सा चालू असला की भिंत कशी गरम लागते." भिंत उन्हाने गरम होती. मी काही बोलले नाही.

जेवायला बाताकची एम्पानाडा. केशरी रंगाच्या तांदळाच्या पारीत कच्ची पपई, मोड आलेले मूग, अंडं आणि सॉसेज घालून तळतात. शाकाहारी असाल तर सॉसेज नको म्हणून सांगा, अंडंही वगळतात. बरोबर उसाचा सिरका. मम्मीने तो बोटावर घेऊन चाटला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "विंदालूला हाच पाहिजे." मग जड बाटल्या आल्या.

विगानबद्दल थोडक्यात. १९९९ पासून जागतिक वारसा, जुनी स्पॅनिश काळातली घरं, घोडागाड्या, दगडी रस्ता. सुंदर आहे, गर्दीही आहे, आणि त्या गोट्यांच्या रस्त्यावर दुखऱ्या गुडघ्याने चालणं म्हणजे शिक्षा. घोडागाडी तासाच्या हिशेबाने मिळते, तीच करा. बांतायचा १५९१ चा मनोरा खालूनच बघितला. २७ जुलै २०२२ च्या ७ रिश्टरच्या भूकंपात त्याची पडझड झाली होती. लसणाची सॉसेजं मात्र खाल्ली. गोव्याच्या चोरीसची आठवण येते, फक्त तिखट कमी.

१८ ला सकाळी विगानमधून गाडी ठरवली, सांता मारियाला जाऊन-येऊन २,५०० पेसो. महाग, पण बसमधून उतरून चढणं टाळायचं होतं. कारण पुढे ८५ पायऱ्या होत्या. इलोकोसमधली बहुतेक चर्च गावच्या चौकात, हे एक टेकडीवर. १७६५ चं, विटांचं, शेजारी १८१० चा मनोरा थोडा कललेला. शत्रू आला तर गाव वर चढून येणार, अशी जागा.

मी मम्मीला म्हटलं, खालूनच बघूया. तिने उत्तर न देता चप्पल काढली. "पाय सरकतो," म्हणाली. दहा पायऱ्या, मग थांबा. उजवा पाय वर, डावा त्याच्या शेजारी, मग पुन्हा उजवा. मी एक पायरी खाली, हात तिच्या पाठीच्या मागे, न टेकवता. तिसाव्या पायरीला एक शाळकरी पोरांचा घोळका धडधडत वर गेला. पन्नासाव्याला तोच घोळका खाली आला, आम्ही आणखी पुढे नव्हतो. त्यातली एक मुलगी थांबली, पाण्याची बाटली पुढे केली. मम्मीने घोटभर घेतलं, मुलीच्या गालाला हात लावला. साठाव्या पायरीनंतर ती बोलायची बंद झाली, नुसता श्वास. मला वाटत होतं की मी हे थांबवायला हवं. मी थांबवलं नाही. बरोबर केलं की नाही, अजून ठरत नाही. वर पोचायला बत्तीस मिनिटं लागली. वर वारा होता, पागुदपूदसारखा नव्हे, घाम सुकेल एवढा. ती सावलीतल्या कठड्यावर बसली आणि म्हणाली, "चौऱ्याऐंशी." मी म्हटलं, पंच्याऐंशी आहेत. "मी मोजल्या. चौऱ्याऐंशी."

उतरताना चाळीस मिनिटं. उतरणं चढण्यापेक्षा वाईट, हे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना सांगायला नको. रात्रीच्या बसमध्ये तिचे दोन्ही गुडघे टम्म. गोळी, मलम, शाल. १९ ला मनिलात ठरवून काहीच केलं नाही. असा एक रिकामा दिवस मोठ्या माणसाबरोबर हवाच. मी तो आधी 'वाया' म्हणून काढायला निघाले होते. २० ला विमान. परतीच्या कागदांना कोणी हातही लावला नाही.

दोघींचा सगळा खर्च, पासपोर्ट ते ओला-रिक्षापर्यंत, १ लाख ३४ हजार रुपये झाला. त्यात सहाशे पेसो सिरक्याचे. दोन बाटल्या चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. एक सुखरूप आली, दुसरीने माझे सगळे सलवार-कमीज विंदालूच्या वासाचे केले.

पुढच्या गल्लीतलं एक निवृत्त जोडपं फेब्रुवारीत जायचं म्हणतंय. परवा दोघे चौकशीला आले होते. मी त्यांना क्यूआर, बुकिंगं, २५० पेसो, सगळं सांगत होते. मम्मी आतून आली, माझा फोल्डर त्यांच्या हातात दिला. आता त्याला घागऱ्याच्या नाडीचं दुहेरी वेढं आहे.

"हा न्या," ती म्हणाली. "पवनचक्कीपाशी उघडू नका. आणि पायऱ्या मोजा हो, हिचा माझ्यावर विश्वास नाही."